निळ्या फाटकातला मेक्सिकन क्लास

हे पाहा, चहा उकळेपर्यंत सांगून टाकते, पण ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं. मधात हसलात तर मी सांगणं बंद करीन. फजिती कोणाची होत नाही, बाप्पा? पण ती आपल्या पांढुर्ण्यात झाली तर चार दिवसांत लोक विसरतात. माझी झाली थेट मेक्सिकोत! अन् तिकडचे लोक ती विसरतील असं काही मला वाटत नाही.

आमची पल्लवी, माझी लेक, तिकडे नोकरीला. केव्हाची मागे लागली होती, "आई, बाबा, या न एकदा." आमचे हे म्हणायचे, "संत्र्याचा तोडा होऊ दे." तोडा झाला की कापूस. कापूस झाला की पुन्हा संत्रा. शेवटी पोरीने तिकिटंच पाठवली, तेव्हा कुठे हे बगिच्यातून बाहेर निघाले.

तिथे गेल्यावर पल्लवीने आम्हाला वाहाका नावाच्या भागात फिरायला नेलं. तिथला स्वयंपाक म्हणे अख्ख्या देशात नावाजलेला.

"आई, तुझ्यासाठी एक क्लास लावला आहे," ती म्हणाली. "खेड्यातली एक बाई आपल्या घरीच जुन्या पद्धतीचा स्वयंपाक शिकवते. पाट्यावर वाटायचं, चुलीवर भाजायचं. मग जेवण, अन् शेवटी लोकनृत्याचा कार्यक्रम."

"मला? स्वयंपाकाचा क्लास?"

आता तुम्हीच सांगा! सौसरच्या शाळेत जन्मभर पोरी शिकवल्या मी. लोधीखेड्यापासून सावरगावपर्यंत सोयऱ्यांत कोणाचंही लग्न असो, मी चाखल्याशिवाय भाजीचा गंज चुलीवरून उतरत नाही. मला कोण शिकवणार? पण म्हटलं, जाऊ दे, लेकीचं मन काऊन मोडा.

पल्लवीने मला दोन शब्द शिकवले. 'सी' म्हणजे हो, अन् 'ग्रासियास' म्हणजे धन्यवाद. "एवढ्यावर तुझं भागून जाईल," म्हणाली. 'नाही'ला काय म्हणतात ते शिकवलं असतं, तर आज हा किस्साच झाला नसता!

सकाळी गाडी एका गल्लीच्या तोंडाशी थांबली. रस्ता असा अरुंद की आत गाडी जाणं शक्य नाही. "ते निळं फाटक दिसते न, फुलं असलेलं? तेच घर," पल्लवी म्हणाली. "आम्ही तिकडले जुने अवशेष पाहून दुपारी येतो."

हे म्हणाले, "अवं, फोन घेतला न?"

"घेतला." घेतला होता. चार्ज केला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

गल्लीत शिरली अन् पाहते तर काय, फाटकं दोन! दोन्ही निळी, दोन्हीवर फुलं. एकावर बोगनवेलीचा एक मरतुकडा वेल. दुसऱ्यावर झेंडूच्या घसघशीत माळा, रंगीत पताका, आतून येणारा धूर अन् बायांचा गलका. तुम्ही कोणत्यात गेल्या असत्या? खरं सांगा! मीही त्यातच गेली.

फाटकात एक धिप्पाड बाई उभी. फुलाफुलांचा एप्रन, दोन वेण्या. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् एक लांबलचक प्रश्न विचारला.

मी म्हटलं, "सी."

झालं! तिने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा तिच्या वेणीत अडकला. मग आत पाहून काहीतरी ओरडली. आतून सगळ्या बाया धावत आल्या. गालाला गाल लावून राहिल्या, हात दाबून राहिल्या, एकीने तर माझ्या साडीचा पदरच डोळ्याला लावला. मी मनात म्हटलं, शिकवतात कशी ते पुढे पाहू, पण विद्यार्थ्यांचं स्वागत करावं तर यांनीच!

अंगणात काय थाट होता म्हणता! ओळीने पाटे मांडलेले, त्यांना तीन पाय, अन् बाया गुडघ्यावर बसून वरवंटा दोन्ही हातांनी पुढेमागे लोटून राहिलेल्या. पलीकडे चुलींवर एवढाले मातीचे गंज, की त्यात आमचे हे उभे मावले असते. मला एप्रन बांधला, पाट्यापुढे बसवलं, अन् शेजारची बाई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मासा! मासा!"

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरात अंडं शिजत नाही, मासा कुठला? मी पाट्याखाली पाहिलं. टोपलीत पाहिलं. मागे वळून पाहिलं. मी शोधून राहिली म्हणून त्या बायाही शोधायला लागल्या. काय शोधायचं हे त्यांना माहीत नव्हतं, अन् मला ते सापडायला नको होतं! शेवटी त्या बाईने पिठाचा ओला गोळा माझ्या हातावर ठेवला. मासा म्हणजे मक्याचं वाटलेलं पीठ, बाई! चुन्याच्या पाण्यात मका उकळून वाटतात. मी असा सुटकेचा श्वास सोडला, की समोरच्या चुलीतली राख उडाली.

वाटायला लागली. वाटता वाटता लक्षात आलं, इथे शिकवून कोणीच राहिलं नाही. सगळ्या आपापल्या कामात. एवढा मोठा वर्ग अन् बाईंचा पत्ता नाही! आता वर्गात बाई नसली की माझ्या अंगात काय येते हे माझ्या शाळेतल्या पोरींना विचारा. मी उठली. एप्रनला हात पुसले. अन् वर्ग ताब्यात घेतला.

एकीची भाकर जाड होत होती. मी तिच्या हातातून घेतली, थापून दाखवली. तिने मान डोलावली अन् माझी पाठ फिरताच पुन्हा जाडच केली. एकीच्या चुलीत जाळ जास्त होता. मी लाकूड मागे ओढलं. एक म्हातारी लाल मिरच्यांच्या घट्ट रश्शात चॉकलेट टाकत होती. चॉकलेट! रश्शात! बिचारीला दिसत नसेल, असं मला वाटलं. मी चॉकलेटची वडी हळूच तिच्या हातातून काढली अन् पोरांसाठी बाजूला ठेवली. तिने दुसरी घेतली. मी तीही काढली. तिने माझ्याकडे असं पाहिलं, बायांनो, असं पाहिलं, की तिसरी मी तिलाच टाकू दिली.

पण खरा कहर पुढे आहे. एका गंजात राजम्यासारख्या काळ्या दाण्यांची उसळ शिजत होती. चाखली. सपक! तुम्हाला माहीत आहे, मी घराबाहेर पडली की पर्समध्ये माझ्या काळ्या मसाल्याची डबी असते. ती काढली. उघडली.

सगळ्यांचे हात थांबले. ती धिप्पाड बाई पुढे आली, हात जोडून उभी राहिली. तिला पाहून बाकीच्याही उभ्या राहिल्या. म्हातारीने कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून देवाचं नाव घेतलं. एवढा मान माझ्या मसाल्याला पांढुर्ण्यातही कोणी दिला नाही! मला भरून आलं. मी अख्खी डबी रिकामी केली.

दुपारी बाहेर बँड वाजायला लागला. मला आठवलं, पल्लवी म्हणाली होती, शेवटी कार्यक्रम असतो. वाजंत्री आत आली, त्यांच्यामागे पांढऱ्या झग्यातली एक पोरगी अन् सुटाबुटातला पोरगा. मी ओळखलं, लग्नाचा देखावा! पर्यटकांना दाखवतात न, तसा. झगा भारी होता. नवरदेवही शोभत होता. पण नवरी? सारखी दात काढून हसत होती!

मला राहवलं नाही. पुढे गेली अन् खुणेनंच सांगितलं, असं नाही पोरी. मान खाली घाल. लाज. थोडी रड. मी स्वतः पदर डोळ्याला लावून हमसून दाखवलं. पोरगी घाबरली. तिने नवरदेवाकडे पाहिलं, त्याने आईकडे पाहिलं, आईने खांदे उडवले. मग त्या गुणी पोरीने मान खाली घातली अन् खरंच रडायला लागली! तिला रडताना पाहून तिची आई रडली, ती धिप्पाड बाई रडली, बँडवाल्यांनी चाल बदलून काहीतरी दुःखाचं सुरू केलं. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, आता कसं खरं वाटते!

मग फोटो. मला मधोमध बसवलं, नवरा-नवरीच्याही मधोमध. मीही ऐसपैस बसली.

अन् मग कोणीतरी माझ्या हातात कोंबडा दिला.

कोंबडा कसला, कोंबड्याचा आजोबा! टर्की म्हणतात तो. जिवंत. पाय बांधलेले, गळ्यात फुलांची माळ. बँड जोरात सुरू झाला अन् सगळ्यांनी मला मधात ढकललं. नाच! तिकडे टर्की हातात घेऊन नाचायची रीतच आहे म्हणे. मी जन्मात कोंबडीला हात लावला नाही. मी त्याला अंगापासून दूर धरलं, त्याने पंख उघडले. एक पंख माझ्या तोंडावर, एक पर्सवर. मी ओरडली, तो ओरडला. मी गोल फिरली, लोकांना वाटलं नाचली! "एसो! एसो!", म्हणजे 'वा! वा!', करून सगळे टाळ्या पिटायला लागले. टाकू तर कसा? पाय बांधलेले त्याचे, पडला असता बिचारा. धरू तर कसा? माझा पदर त्याच्या चोचीत!

त्याच वेळी फाटकातून आवाज आला.

"अवं! काय करून राहिली तू?"

हे. त्यांच्यामागे पल्लवी, रडून डोळे लाल झालेली. अन् तिच्यामागे एक अनोळखी बाई, हातात कोरा एप्रन.

"आई, कुठे होतीस? आम्ही अख्खं गाव पालथं घातलं!" पल्लवी माझ्या गळ्यात पडली. मधात टर्की. "क्लासच्या बाई म्हणतात, तू आलीच नाही. पोलिसांकडे चाललो होतो आम्ही!"

"आली नाही म्हणजे? सकाळपासून क्लासमध्येच तर आहे मी!"

ती कोऱ्या एप्रनवाली बाई पुढे आली. तिने शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. निळं फाटक. मरतुकडा वेल.

"आई," पल्लवी हळूच म्हणाली, "हे खरंच लग्न आहे."

बँड थांबला. डोळ्यापुढून सगळं गेलं. ती डबी. ती चॉकलेटं. ती रडवलेली नवरी! बापरे, कोणाच्या पोरीच्या लग्नात मी तिला रडवलं होतं! यांनी येऊन टर्की माझ्या हातून घेतला. त्यांच्याजवळ तो कसा गपचूप बसला, मेला! मी पदर सावरला अन् खरं सांगते, मला तिथेच रडू आलं. पळून जावं म्हटलं, तर गर्दीतून वाट नाही.

पल्लवीने सगळं स्पॅनिशमध्ये सांगितलं. मी मान खाली घालून उभी. सांगणं संपलं. मग ती चॉकलेटवाली म्हातारी हसली. आधी हळू, मग पोट धरून. अन् मग जे अंगण हसायला लागलं! नवरी हसली, बँडवाले हसले, क्लासची बाई हसता हसता पाट्यावर बसली. नवरीची आई अन् ती धिप्पाड बाई, म्हणजे नवरीची मावशी, दोघींनी मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं अन् पुढे ताट ठेवलं. मक्याच्या भाकरी, अन् माझीच उसळ; डबीतली काळी पूड त्यांना देवाचा अंगारा वाटली होती म्हणे, म्हणून ते हात जोडणं! नवरदेवाच्या आईने ती उसळ आणखी घेतली. नाकाडोळ्यांतून पाणी वाहून राहिलं होतं तिच्या, तरी घेतली.

जरा धीर आल्यावर मी पल्लवीला म्हटलं, "पण या लोकांनी मला दिवसभर विचारलं काऊन नाही, की बाई, तू कोण?"

पल्लवीने विचारलं. नवरीची आई काहीतरी म्हणाली, नवरदेवाची आई काहीतरी म्हणाली, मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं अन् पुन्हा हसत सुटल्या. पल्लवीने ओठ दाबले.

"काय म्हणतात?"

"जाऊ दे न, आई."

"सांग म्हणते न!"

"नवरीकडल्यांना वाटलं तू नवरदेवाची आत्या. अन् नवरदेवाकडल्यांना वाटलं तू नवरीची आत्या. तुला विचारायची दोघांनाही भीती वाटली."

"अन् तो मसाला? ते नवरीला रडवणं? तेव्हाही कोणाला शंका आली नाही?"

पल्लवी यांच्याकडे पाहायला लागली. हे टर्की कडेवर घेऊन ऐकून राहिले होते.

"त्या म्हणतात, शंका कशाची? सगळ्यांच्या कामात चुका काढणारी, कोणाचं न ऐकणारी अन् फोटोत मधोमध बसणारी एक बाई दोन्ही घरांत आधीपासूनच आहे. तिसरी आली, ती वेगळी कशी ओळखायची?"

यांना स्पॅनिशमधला 'स' येत नाही. पण एवढं ऐकल्याबरोबर यांनी टर्की माझ्या मांडीवर ठेवला, उठून गेले, अन् त्या दोघी विहिणींशी भरल्या डोळ्यांनी हात मिळवला!