देवधर मावशींचं रशियन

"कळलं का? मान हलवू नकोस, सांग!" माझ्या पहिल्याच मीटिंगमध्ये देवधर मावशींनी मला पकडलं. साल २००५, टेक्सासमधलं शुगर लँड. मी नागपूरहून नुकताच आलो होतो आणि खरंच काही कळलं नव्हतं.

मावशींनी पुण्यात बावीस वर्षं रशियन शिकवलेलं. मुलीकडे टेक्सासला आल्या आणि आमच्या तेल कंपनीत कझाकस्तानच्या कामासाठी दुभाषी झाल्या. सोव्हिएत काळातले तिथले इंजिनिअर रशियनमधूनच शिकलेले. पण आता पत्रं कझाकमध्ये येऊ लागली, तरुण पाहुणे थेट इंग्रजी बोलू लागले.

"लिपी जवळजवळ रशियनचीच रे. वाचता येतं, कळत काही नाही," मावशी म्हणायच्या. "पण त्यांनी त्यांची भाषा का नाही वापरायची? आपण मराठी सोडू का?"

एकदा तिकडून बारा ऑपरेटर ट्रेनिंगला आले. मॅनेजरने या वेळी रशियन कॅन्सल केलं. फक्त इंग्रजी आणि कझाक. विषय गॅसगळतीचा. पंचावन्न वर्षांचा येरलान प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. चहाच्या वेळी मावशींनी त्याला रशियनमध्ये विचारलं, काय कळलं ते. त्याने खाली बघत जे सांगितलं, ते मावशींनी मला मराठीत सांगितलं. घरी कझाक बोलायचा. पण शाळा, कारखाना सगळं रशियनमधून झालेलं. यंत्रांचे कझाक शब्द त्याला ठाऊकच नव्हते. "स्वतःची भाषा येत नाही, हे या पोरांसमोर कसं सांगू?"

मावशी तडक मॅनेजरकडे गेल्या. मी सोबत होतो.

"ट्रेनिंग पुन्हा घ्या. एकाला कळलेलं नाही."

"कोणाला?"

"नाव सांगणार नाही. प्रत्येकाकडून वदवून घ्या, हव्या त्या भाषेत."

"रशियन नको, असं त्यांच्याच ऑफिसने कळवलंय."

"मग गॅस कुठल्या भाषेत गळतो, तेही कळवायला सांगा. तोवर 'सगळ्यांना समजलं' या कागदावर माझी सही मिळणार नाही."

ट्रेनिंग पुन्हा झालं. येरलानने रशियनमध्ये सगळं बिनचूक सांगितलं. त्याच्यामागून दोन तरुणही हळूच रशियनवर आले.

परत गेल्यावर येरलानने नातीच्या शाळेचं कझाक पुस्तक मावशींना पाठवलं, तसंच एक स्वतःला ठेवलं. दर शनिवारी दोघं फोनवर धडा वाचायचे.

२००८ मध्ये मावशींची जागा रद्द झाली. टेबल आवरायला मी मदत करत होतो. पुस्तक त्यांनी पर्समध्ये टाकलं.

"मावशी, आता नोकरी नाही. कझाक कशाला?"

"अजून दहा धडे राहिलेत," त्या म्हणाल्या. "मी सोडलं, तर तोही सोडेल."