रडायला घेतलेला आवाज

"लोणी म्हण."

म्हटलं.

"परत."

परत म्हटलं. स्टुडिओच्या काचेपलीकडे साहेब हसला. शेजारी तुपाच्या कंपनीचा माणूस बसलेला, तोही हसला. हेडफोनमधून साहेब म्हणाला, "लोनी नाही गं, लोणी. जिभेला जरा आंघोळ घाल."

घाम फुटेस्तोवर म्हणत राहिले. शेवटी तो म्हणाला, "राहू दे. हा चाळीतला आवाज तुपाच्या जाहिरातीला नाही चालायचा."

मी लालबागची. बाप गिरणीत साच्यावर कापड विणायचा. संपानंतर गिरणीनं त्याला परत घेतलं नाही. वॉचमनकी करता करताच मेला. माझ्याकडे फक्त आवाज होता, आणि तोही या माणसानं नासका ठरवला.

मग एक दिवस त्यानंच बोलावलं. "तुझ्या आवाजाला काम आलंय. इथे अस्सल बाई लागते."

कागद दिला. चिंचपोकळीच्या पुलाखालून एका आईचं पोर पळवलं जातं. पळवणारा पोतं घेऊन फिरणारा, 'त्यांच्यातला'. एवढंच. नाव नव्हतं. नाव ऐकणाऱ्यानं आपलं आपण घालायचं.

"हे खरं घडलंय, सर?"

"तू फक्त रड."

मी रडले. साहेबानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि मला बरं वाटलं. आज सगळ्यात जास्त लाज त्या बरं वाटण्याचीच वाटते.

पुढे मी कधी नर्स झाले, कधी कोळीण, कधी कुणाची आजी. बाहेरच्या खोलीत एका टेबलावर फोन मांडलेले असत. प्रत्येकावर वेगळं नाव, वेगळा फोटो. कुणी परळची लेक, कुणी दादरचे काका. बोटं मात्र दोघा जणांचीच. त्या नावांनी मोबाईलवर ग्रुप काढायचे. आधी कितीतरी दिवस रेसिप्या, सुप्रभात, आरत्या. ग्रुप माणसांनी भरला की मग माझं रडणं. खाली ओळ : डिलीट व्हायच्या आत पुढे पाठवा. कुठल्या संघटनेचे पैसे येतात, ते मला कळत होतं. विचारलं नाही.

एका दुपारी आई भाकऱ्या थापत होती. फोन समोर उभा करून ऐकत होती. "आयक गो, बिचारीचा पोर नेला," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. पोटच्या पोरीचा आवाज तिला ओळखू आला नाही. मी ताट ओढलं आणि जेवले.

तेव्हा बोलले असते तर.

काही दिवसांनी खाली आरडाओरडा झाला. यासीनचाचाला धरलं होतं. कापूस पिंजायला आमच्या चाळीत वर्षानुवर्षं येणारा. आमच्या घरची प्रत्येक गादी त्याच्या हातची. कापूस उडताना बघायला पोरं नेहमीच त्याच्याभोवती जमायची. त्या दिवशी तेच कारण झालं.

"पोतं उघड!"

पोत्यात कापूसच होता. तरी मारलं. त्याच्याच पिंजायच्या कमानीनं मारलं. कुणाच्या तरी मोबाईलवर मोठ्यानं मी रडत होते. वर गॅलरीतून माझी आई ओरडत होती, "मारा त्या मेल्याक!"

मी गर्दीत घुसले. "ती बाई मी आहे! पोर नाहीच! पैसे घेऊन रडलेय मी!"

कुणी ऐकलं नाही. त्यांना मोबाईलमधली मी ऐकू येत होते. समोरची नाही.

चाचाचा उजवा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. साहेब चहा पीत होता. "आपण त्याला हात लावला का? आणि आवाज तुझा आहे. अडकशील."

"अडकेन," म्हटलं आणि निघाले.

भायखळ्याला चाचाच्या घरी गेले. त्याची बायको दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "इथे कशाला सांगतेस? जिथे सगळ्यांनी ऐकलं, तिथे बोल."

त्या संध्याकाळी चाळीच्या ग्रुपवर माझ्या नावानं, माझ्या आवाजात सगळं टाकलं. तासाभरात मला ग्रुपमधून काढलं. मग पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. आई माझ्याशी बोलत नाही. जिन्यात बाया बाजूला होतात. चाचाला आता कमान धरता येत नाही, आणि माझ्या जबाबानं तो हात बरा होणार नाही.

साहेबाचा निरोप येतो, जबाब फिरव म्हणून. फिरवणार नाही. केस उभी राहील त्या दिवशी मी कोर्टात जाणार. साहेबाचं नाव घेणार. टेबलावरचे फोन सांगणार. पैसे कुठून यायचे ते सांगणार. आणि गुन्हेगारांत पहिलं नाव माझं सांगणार.