घरून गेलेला फोन

माझी थोरली गोठवलेल्या मालाच्या गोदामात काम करते. आत उणे अठरा. मटार, मासे, आइस्क्रीम यांची वीस-वीस किलोंची खोकी उतरवायची, रचायची, ट्रकमध्ये भरायची. जो माल शेवटी उतरणार तो आधी भरायचा. मी चार बुकं जास्त शिकले, पण ही उलटी यादी माझ्या डोक्यात राहिली नसती. तिची कधी चुकत नाही.

पाच वर्षं ती कंत्राटी. अकरा महिने भरले की चार दिवस घरी बसवतात, मग नवा अर्ज. या वर्षी मात्र कायम करायच्या यादीत चार नावं होती, त्यात तिचं एक. कायम झालं की भरपगारी रजा, दवाखान्याचा खर्च आणि कोरड्या मालाकडे बदली मागायचा हक्क. "तीन महिने दम धर आई," ती म्हणायची, "मग मी पीठ-साखरेत राज्य करते की नाही बघ."

तो दम माझ्याच्याने धरवला नाही.

प्रत्येक खोक्यावर स्कॅनर धरून बटण दाबावं लागतं. जाड हातमोज्यातून ते दाबलं जात नाही, म्हणून तिथे सगळेच उजव्या मोज्याची दोन बोटं कात्रीने कापून टाकतात. मला काय ठाऊक! मोजा फाटला असं समजून मी एका रविवारी तो दुहेरी दोऱ्याने शिवून ठेवला. दुसऱ्या दिवशी ती हसतच घरात शिरली.

"अगं, गोणीला घालतात तसे टाके घातलेस! दातांनी उसवत बसले होते. मुकादम म्हणतो, बाई, जेवणाच्या सुट्टीला अवकाश आहे अजून."

मीही हसले. मग तिची बोटं हातात घेतली. दोन्ही पेरं मेणासारखी पांढरी. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर हात काढून घेतला. "कागदावर आलं की यादीतून गेलेच समज. तू कुणाला काही बोलू नकोस."

आठ दिवस नाही बोलले. नवव्या दिवशी भाजी चिरताना तिचं बोट कापलं आणि ओट्यावर रक्त दिसेपर्यंत तिला पत्ताच नव्हता. ती आंघोळीला गेली तसा मी मुकादमाला फोन लावला.

"तिला कोरड्या मालाकडे घ्या ना हो. बोटं बधिर झालीत पोरीची."

"बरं झालं सांगितलंत, ताई," तो म्हणाला. इतका गोड आवाज, की माझा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी यादी लागली. नावं तीनच.

बूट न काढताच ती दारात उभी राहिली. "घरूनच तक्रार आली म्हणे. आजारी माणसं कायम करत नाहीत. फोन कुणी केला?"

"मी." आणि वर वेड्यासारखं विचारलं, "कोरड्या मालाकडे तरी घेतलं ना?"

"तिकडे कायमवाले जातात, आई."

चार दिवस ती घरी बसली. आता पुन्हा त्याच थंडीत, त्याच खोक्यांपाशी जायचं. काल जेवणं झाल्यावर तिने नवा अर्ज भरायला घेतला. मी शेजारीच बसले होते. 'अपघात झाल्यास कळवावे' या ओळीत आजवर माझा नंबर असायचा. या वेळी तिने कामावरच्या एका मैत्रिणीचा लिहिला. सावकाश, एकेक आकडा, मला नीट वाचता येईल असा.