बहिणीच्या नावाची मूठ

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला पहिला माणूस मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. धुळ्याच्या देवपूर भागातल्या कॉलेजात बी.कॉम. केलं, तिथेच एका आडत दुकानात हिशेब लिहायला लागलो, आणि गावात आपल्या शब्दाला आता वजन आलं असं मला वाटायला लागलं. ते किती आलं, हे धाकट्या बहिणीच्या वेळी कळलं.

ती बारावी झाली आणि देवपुरातल्याच एका खाजगी दवाखान्यात नर्सिंग असिस्टंटच्या प्रशिक्षणाला तिला जागा मिळाली. वर्षभर शिकायचं, मग तिथेच कामाला लागायचं. फी मात्र आधी भरायची, तीही श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणानंतरच्या मंगळवारपर्यंत. नाहीतर जागा दुसरीला.

वडिलांनी नुकतीच विहीर खोल केली होती, त्यामुळे घरात शिल्लक काही नव्हतं. मी सरकारी कचेरीत गेलो. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा पाजला आणि सांगितलं की मदत फक्त सरकारी प्रशिक्षणाला मिळते. बँकेने तारण मागितलं. दुकानाचा मालक म्हणाला, "दिवाळीनंतर बघू." मी घरी आलो की बहीण माझ्या तोंडाकडे बघायची. तेच जास्त जड जायचं.

उरला कुळाचा पैसा. आमच्या भाऊबंदांच्या सामाईक बांधावर चिंचेची झाडं आहेत. दरवर्षी चिंच विकायची, त्यातून श्रावणात कानबाई बसवायची आणि उरेल ते कुळातल्या शिकणाऱ्या पोराला द्यायचं, अशी रीत. माझी कॉलेजची फी अशीच भरली गेली. पैसे आबांकडे असायचे. आबा म्हणजे वडिलांचे थोरले चुलतभाऊ, कुळाचे कारभारी.

"तुले दिना, कारण तुनी मूठ शे," आबा म्हणाले. "तिनी मूठ कोठे शे?"

कानबाईच्या नैवेद्यासाठी आमच्याकडे कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. त्या गव्हाचं पुरणपोळीसकट जे रांधतात त्याला रोट म्हणतात. तो फक्त घरच्यांनी खायचा आणि पूर्ण संपवायचा. पोरगा जन्मला की मूठ वाढते, माणूस गेला की कमी होते. बायकापोरींच्या नावाची मूठ नसते. आणि ज्याची मूठ, त्याचाच कुळाच्या पैशावर हक्क.

मी आबांना खूप समजावलं. दवाखान्यातला पगार, बदलता काळ, मुलींचं शिक्षण, कॉलेजात जे जे शिकलो ते सगळं बोलून झालं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाषण झकास शे," ते म्हणाले. "तुले शिकाडं ते वाया नही गयं."

ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

गहू मोजायच्या दिवशी आबांच्या ओसरीवर सगळे भाऊबंद जमले. आबांची बायको, जिला आम्ही सगळे मोठी आई म्हणायचो, मोजायला बसली. बहीण दरवर्षीप्रमाणे बाजूला गहू निवडत होती. आबा एकेक नाव घ्यायचे, मोठी आई मूठ भरून सुपात टाकायची. माझं नाव आलं आणि मी म्हणालो, "माझी मूठ बहिणीच्या नावाने टाका. माझं शिक्षण झालं. मला आता कुळाचा पैसा नको."

असं काही ठरवून आलो नव्हतो, तोंडातून निघून गेलं. दारात उभी असलेली माझी आई पांढरीफटक पडली. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की नाव गाळतात ते मेलेल्या माणसाचं.

"जित्ता माणूसनी मूठ काढतस का रे?" आबा कडाडले. "सणना दिन काय अभद्र बोलस?"

तरी मी शब्द मागे घेतला नाही.

मोठ्या आईने भरलेली मूठ सुपावर तशीच धरली होती. माझं नाव तिने स्वतःच घेतलं आणि गहू सुपात सोडला. मग पुन्हा हात भरला.

"याना नावनी पडनी," ती आबांना म्हणाली. "कमी करता येत नही, पण वाढाडता ते येस ना? गये साल नातूनी वाढाडी."

"तो पोऱ्या शे."

"आते मना हात भरेल शे. भरेल हात मांगे लेवाले तुमीन सांगा, मी लेस."

सणाचा भरलेला हात मागे घे, असं म्हणायला आबांची जीभ रेटेना. तेवढ्यात एक चुलतभाऊ म्हणाला, "टाकू द्या, आबा. उद्या तुमले सुई टोचाले घरनीच पोर व्हई."

"माले सुईनं भ्याव नही," आबा म्हणाले. गावात लस टोचायला माणसं आली की आबा मळ्यात निघून जायचे, हे साऱ्या ओसरीला ठाऊक होतं. कुणी हसलं नाही, पण आबांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "टाक."

"नाव सांग तुनं," मोठी आई बहिणीला म्हणाली.

बहिणीने निवडणं थांबवलं आणि आपलं नाव इतक्या जोरात घेतलं की ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून गेलं.

सोमवारी कानबाईला पांझरेत निरोप दिला, आणि नदीवरून येतानाच आबांनी पैसे माझ्या हातात ठेवले. मंगळवारी पहिल्या गाडीने आम्ही धुळ्याला गेलो. फी भरली. बहीण त्याच दिवसापासून तिथे राहिली. निघताना ती मला म्हणाली, "मनी मूठना रोट तूच संपाड. उरना ते कानबाई माले विचारी."

दुपारी घरी येऊन मी माझ्या वाटचा खाल्ला, मग तिच्या वाटचाही. पोट तट्ट झालं. आईने ताटात आणखी एक पुरणपोळी टाकली, तीही खाल्ली आणि तिथेच ओसरीवर आडवा झालो. कित्येक आठवड्यांनी मला अशी झोप लागली की आई हाका मारून थकली.