खंडेनवमीला पुसलेलं शेत

लकव्यानं ह्यांची उजवी बाजू गेली आणि मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद झालं. लेकीनं तिचा जुना कॉम्प्युटर दिला, त्यात शेतीचा एक गेम टाकून दिला. डाव्या हातानं माऊस धरून ह्यांनी दोन वर्षांत त्यात विहीर, गोठा आणि मोसंबीची बाग उभी केली. व्यायामाचं नाव काढलं की चिडणारा माणूस त्या बागेसाठी पलंगावरून आपणहून उठायचा, भिंत धरत खुर्चीपर्यंत जायचा. डॉक्टर म्हणाले, हे चालणं थांबू देऊ नका.

खंडेनवमीला आमच्याकडे प्रत्येक अवजार स्वच्छ करून पुजतात. परळीतल्या वीजकेंद्राची राख कॉम्प्युटरच्या पोटातही जाते. मी यादी केली: धूळ काढणे, फॉरमॅट मारणे, गेम परत टाकणे. शेत ऑनलाइन जमा असतं, आपोआप परत येतं, असं लेकीनं सांगितलं होतं. म्हणून पेन ड्राइव्हवर कॉपी घेणं मी यादीत धरलंच नाही.

पूजेपर्यंत नेटचा पासवर्ड टाकायचा राहिला होता. बंद यंत्र पुजायचं कसं? मी गेम उघडला, नेटशिवाय जुनं शेत येईना म्हणून कोरं शेत सुरू केलं आणि हळदकुंकू वाहिलं.

दुपारी नेट जोडलं. पडद्यावर प्रश्न आला: कोणती फाईल ठेवायची? एकीवर कालची तारीख, दुसरीवर आजची. माझ्या वह्यांत जुनी यादी फाडायची, ताजी ठेवायची, हाच नियम. मी आजची ठेवली.

हे येऊन बसले. "अगं, इहीर कुठंय?"

"येईल हो, थांबा जरा."

"मोसंबी बी न्हाई."

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे मी रिक्षातून कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन गेले. तो म्हणाला, "काकू, कोरी फाईल वर गेली, जुनी पुसली. आधी नेट बंद करायचं, दोन्ही कॉप्या बाजूला काढायच्या, मग उत्तर द्यायचं."

"ते कळलं बाबा. आता काहीतरी काढ."

"न्हाई निघत. लई बघितलं."

शेवटी लेकीच्या लॅपटॉपवर एक कॉपी सापडली, पहिल्या उन्हाळ्यात तिनं घेतलेली. या वेळी मी नेट काढलं, त्या कॉपीचीही कॉपी केली, मगच फाईल जागेवर टाकली. शेत उघडलं. विहीर अर्धी खणलेली, मोसंबीच्या जागी तण.

ह्यांनी बराच वेळ बघितलं. "हे जुनं हाय," म्हणाले आणि माऊस सोडला.

आता दर रविवारी मी दोन ठिकाणी कॉपी घेते. त्यात काहीच बदललेलं नसतं, तरी घेते. मग पलंगाशी जाते.

"उठा की हो, दोन पावलं तरी."

"कावून? कशापायी?" हे म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करतात.