वीज नसलेला चार्जर

मनिषाला शोरूममध्ये सगळे ‘इलेक्ट्रिकवाली’ म्हणायचे. चिडवायलाच म्हणायचे, पण तिला ते गोड लागायचं. तळोज्याच्या कारखान्यांच्या धुराने तिच्या लेकीला, रियाला दमा जडला होता. त्या पोरीपायी ती तळोजा सोडून सुकापूरला आली, सख्ख्या चुलत्यांच्या, काशिरामकाकांच्या इमारतीत तळमजल्यावर राहू लागली आणि पनवेलच्या शोरूममध्ये विजेवरच्या पांढऱ्या गाडीजवळ विक्रीला उभी राहिली. बिनधुराची गाडी! आपण अशा चार गाड्या विकल्या तर रियाच्या छातीला तेवढाच आराम, असं तिला मनापासून वाटायचं. वेडी होती बिचारी.

पांढरी गाडी काचेला लागून, दिव्यांच्या उजेडात. तिच्यामागे डिझेलच्या धिप्पाड गाड्या. लोक पांढरी बघायला आत यायचे, तिच्यापाशी फोटो काढायचे आणि डिझेल बुक करून जायचे. शेजारी चार्जरचा ऐटबाज खांब उभा होता, पण त्याला वीजच जोडलेली नव्हती. मनिषा त्यासाठी मॅनेजर प्रितेशच्या हात धुऊन मागे लागायची. तो म्हणायचा, “होईल हो मॅडम, एवढी काय घाई आहे?”

शेवटी तिने काकांनाच गळ घातली. काका पडले बिल्डर, गळ्यात बोटभर जाडीची चेन, शब्दाला पक्के. “तू सांगतेस म्हनून घेतो पोरी,” ते म्हणाले. “आमाला कुटं त्यातलं कलतंय!”

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी सगळं कुटुंब आलं. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. मनिषाने बघितलं, चार्जिंग जेमतेम पाव उरलेलं. चार्ज करणार कुठे? “काका, आज गाडी घरी न्या,” ती म्हणाली, “रात्रभर चार्ज करा, उद्या जा कार्ल्याला.”

काकांचा चेहराच उतरला. “एकविरा आईला दाखवल्याबिगर गाडी घराला न्यायची? आपल्यात असं कदी झालंय का गं?”

नाही झालं, हे तिलाही ठाऊक होतं. तीही त्याच घरातली. कंपनीच्या ॲपवर खोपोलीचा चार्जर चालू दिसत होता. त्या भरवशावर ती ‘बरं’ म्हणाली. तिथेच चुकलं.

खोपोलीचा चार्जर बंद होता. काका तसेच पुढे निघाले, म्हणाले, आई नेईल. घाटात गाडी मुकाट थांबली. पैठणी नेसलेल्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या, काकू रडवेली, मागून ट्रकवाले शिव्या देतायत. नवी कोरी गाडी देवीचं तोंड न बघता दोरीला बांधून खाली आली. आता बोला!

मनिषा प्रितेशवर तुटून पडली. “एक खांब जोडता येत नाही तुम्हाला?”

प्रितेश चिडला नाही. उलट खुर्ची पुढे सरकवली. “बसा मॅडम. ही गाडी लोकांना आत आणायला ठेवली आहे. कंपनी चांगली आहे, असं त्यांना वाटायला हवं. शिवाय अशा थोड्या विकल्या की सरकारी हिशेबात कंपनीच्या सगळ्या गाड्यांचा सरासरी धूर कमी दिसतो. मग मोठ्या डिझेल गाड्या विकायला आपण मोकळे.” मग हसून म्हणाला, “तुमचे काका आता डिझेलच घेणार बघा.”

तिला रडूही येईना. इतके महिने आपण त्या डिझेलच्याच दारात रांगोळी काढत होतो, एवढं तिला कळलं. नोकरी सोडावी म्हटलं तर रियाचं औषध कशातून आणायचं?

काकांनी खरंच पांढरी परत दिली आणि सगळ्यात मोठी डिझेल घेतली. भला माणूस, पुतणीचं नाव खराब होऊ नये म्हणून तिच्याच हातून घेतली. पुन्हा हार, पुन्हा लिंबं, पुन्हा नारळ. या वेळी गाडी कार्ल्याला जाऊन दर्शन घेऊन दिमाखात परत आली आणि मनिषाच्या खिडकीसमोर उभी राहिली. इमारतीत दुसरी जागाच नव्हती.

काका रोज सकाळी इंजिन चालू करून ठेवतात, गरम व्हायला. आज धूर खिडकीतून आत आला, तसा रियाला खोकला सुटला. मनिषा एका हाताने पोरीच्या तोंडाशी पंप धरून दुसऱ्या हाताने खिडकी ओढत होती. बाहेरून काकांनी कौतुकाने हाक मारली, “मनिषा, आवाज बग कसा हाय! आता दिलीस खरी गाडी!”

“छान आहे, काका,” ती म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.