लाल दोरी आणि कंडक्टरचा हात

मुलीनं पुण्याहून पाठवलेल्या चालायच्या मशीनवर माणूस कितीही चालला तरी आमच्या केज गावाच्या बाहेर जात नाही. मला ते याच कारणासाठी आवडलं. मला केजच्या बाहेर जायचंच नव्हतं.

सगळा घोळ रक्तातल्या साखरेचा. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण केजमध्ये पायी चालणं सोपं नाही. मी जन्मभर एसटीत कंडक्टर होतो, तालुक्यातलं निम्मं जग माझ्याकडून तिकीट काढून गेलेलं. रस्त्यावर पाऊल टाकलं की मागून जीप थांबायची. "कंडक्टर साहेब, पायी कावून? बसा की!" नको म्हटलं की माणूस रुसायचा. बसलो की चौकात उतरवून चहा पाजायचा, तोही पाकासारखा. साखर जिरवायला निघालेला मी साखर भरून घरी यायचो. वर गावात बोभाटा, की कंडक्टरनं मोटारसायकल विकली वाटतं.

रिपोर्ट वाचून मुलीचा फोन आला. "अण्णा, आता बास. तुम्ही आणि आई माझ्याकडं राहायला या." मी म्हटलं, चालतो की मी. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत बघते, नाहीतर न्यायला येते. तिच्या फ्लॅटमध्ये मी एकदा राहून आलोय. समोरच्या दारामागं कोण राहतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. लिफ्टमध्ये एकाला विचारलं, "कुठले तुम्ही?" तर म्हणाला, "चौथा मजला." तिथं मला कायमचं जायचं नव्हतं.

तेवढ्यात मशीन आलं. ते मी पुढच्या खोलीत दाराकडं तोंड करून बसवून घेतलं, भिंतीकडं बघत चालायला मी काय शिक्षा झालेला पोरगा नव्हे. बसवणाऱ्यानं समजावलं. पट्टा फिरतो, पावलं मोजली जातात, मोजणी मुलीच्या मोबाईलवर जाते. आणि ही लाल दोरी. एक टोक मशीनमध्ये, दुसऱ्या टोकाचा चिमटा सदऱ्याला. माणूस पडला की दोरी सुटते आणि मशीन आपोआप बंद पडतं.

दोरी म्हटल्यावर मला घरचंच कुणी भेटल्यासारखं वाटलं. जुन्या गाड्यांत घंटीची दोरी छतालगत असायची. एक घंटी दिली की गाडी थांबणार, दोन दिल्या की निघणार. हाताला ती सवय इतकी, की दारात माणूस दिसलं रे दिसलं, माझा हात लाल दोरीवर. मशीन बंद. मी खाली.

न उतरता कसं चालेल? वडीलधारं माणूस उंबऱ्यात उभं आणि मी उंचावरून त्याच्याकडं पळत सुटलोय पण पोचत मात्र नाही, हे काही बरं दिसत नाही. उतरायचं, नमस्कार करायचा, पाणी द्यायचं, पाऊसपाणी, लग्नकार्य विचारायचं. परत चढलो की मोजणी पहिल्यापासून. त्यात मशीन बघायला सगळी गल्ली लोटलेली. एक जुना ड्रायव्हर दोस्त म्हणाला, "कवाचा पळायलास बे? अजून हितंच हायेस!" बायको आतून म्हणायची, "अहो, तुमची गाडी दर फाट्याला थांबायली."

एके सकाळी दाराशी रिक्षा थांबली आणि मुलगी उतरली. पिशवी खाली न ठेवताच तिनं वाकून माझा पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. "कुठं लागलंय? फोनवर नुसतं 'बरा आहे' म्हणता. लपवू नका, अण्णा." डोळे रडून लाल झालेले. मोबाईल माझ्यापुढं धरला. मशीन अचानक थांबलं, मशीन अचानक थांबलं, अशी ओळच्या ओळ. माझी लेक कित्येक दिवस मला पडताना बघत होती.

बायकोनंच खरं काय ते सांगितलं, की कुणी दारात आलं की हे दोरी ओढून उतरतात. मला वाटलं पोरगी हसेल. ती भडकली. "आणि उद्या खरंच पडलात तर? मी समजेन पाहुणा आला!"

जन्मभर सुट्ट्या पैशांवरून वाद घातलेला मी पायजमा खाली ओढत बसलो.

"आई, बॅग भर," ती म्हणाली. बायको बॅग काढायला आत गेली. मग मुलगी स्वतःच मशीनवर चढली, चिमटा कुडत्याला लावला. "एवढं साधं जमू नये? कुणी आलं तरी चालत राहायचं. मान हलवायची, की झालं. हे असं." आणि ताडताड चालू लागली.

तेवढ्यात शेजारची माझी म्हातारी चुलती ताकाचा तांब्या घेऊन दारात आली. "पोरी, कवा आलीस गं?"

मुलीनं ओढणी सावरली, खाली उतरली आणि चुलतीच्या पाया पडली. दोरी ताणून सुटली, पट्टा थांबला. पिशवीतला मोबाईल वाजला. तिनं तो काढून वाचलं, 'मशीन अचानक थांबलं', आणि मशीनच्या कडेवर बसून हसता हसता रडायला लागली.

मी तिच्या शेजारी बसलो. "मला नको नेऊ, बाळा. तिथं माझ्यानं राहवणार न्हाई." इतकं सरळ मी तिच्याशी आधी कधी बोललो नव्हतो.

"पण पडलात तर?"

"पडला तर आमी काय मेलोत का?" चुलती म्हणाली. "दिवसभर ह्याच्याच दारात असतोत की."

मुलीनं ओढणीनं डोळे पुसले. मग उठली. "दिवाळीचा रिपोर्ट मी स्वतः बघणार. आणि बघायला येणाऱ्या ज्याला त्याला आता तुमच्याबरोबर बाहेर चालायला लावायचं. दोघं-तिघं गप्पा मारत चालले की जीपवाले न्हाई थांबत." चिमटा तिनं माझ्या सदऱ्याला लावला. "आता चढा. डबल घंटी द्या."

मी चढलो. हात सवयीनं घंटीची दोरी शोधत छताकडं गेला. आत बायकोनं भरलेली बॅग पुन्हा उघडल्याचा आवाज आला. मग तिचाच आवाज आला, "टिंग टिंग."